लिंबाची बोटं

माज्या लग्नात माजा गाल इतका गुळगुळीत हुता, की त्येच्यावर माशी बसली की घसरायची. एक माशी तर घसरून पाटावर पडली आन् तिचा पाय मोडला. भटजीनं मंत्र थांबवला, तिच्या पायाला हळद लावली, आन् मगच म्होरलं मंगळाष्टक सुरू केलं. ह्ये मी आमच्या गल्लीत सांगते तवा बायका पदर तोंडाला लावून हसत्यात. मागनं मला थापाडी पारूबाई म्हनत्यात. म्हनू देत. पाय मोडला का न्हाई, त्ये त्या माशीला ठावं.

पायल मातूर हसायची न्हाई. पायल मंजी माज्या नातवाची, विश्वजीतची बायकू. डोळं मोठं करून इचारायची, "आजी, मग तुमी गालाला लावत काय हुता?"

"लावायचं काय त्यात? पोटात घालत हुते," मी म्हनायची. "सकाळी ज्वारीची आंबील. दुपारच्याला ताक, कांदा, काकडी सालीसकट. कैऱ्या आल्या की पन्हं. उन्हाळ्यात तेलकट खायाचं न्हाई, रातचं जड जेवायचं न्हाई. कातडं आतनं भिजलं पायजे गं, मग वरनं त्याला कशाची गरज पडत न्हाई."

ती ऐकायची आन् तसं खायाची बी. पोरगी गुनाची. लगीन होऊन आल्यावरचा तिचा आमच्याकडं ह्यो दुसराच उन्हाळा. माहेर विट्याकडचं. थोरला भाऊ सिद्धू गलाईवाला, तिकडं तमिळनाडूत सोनं गाळायचं दुकान. आमी तासगावच्या अंगाला, द्राक्षवाली मानसं. चैत लागला की आमच्या शेडावर बेदाना पडतो. द्राक्षं क्रेटमधनं यायची, औषधाच्या पान्यात बुडवायची, मग शेडातल्या जाळ्यांवर पसरायची. पसरनं सावलीत असतंय, पन उतरवनं आन् बुडवनं समदं उन्हात. त्या पान्यानं पायलच्या बोटांची सालटी निघाली हुती, आन् तोंड असं रापलं हुतं की लग्नातला फोटू बघून शेजारीन म्हनली, "ही कोन गं? हिची भन का?"

अशात विट्यास्नं फोन आला. गावची जत्रा हाय, सिद्धू मुराळी म्हनून न्यायला येतोय, पायलला धाडा.

माज्या सुनंचं, शालनचं, तोंड उतरलं. "आत्याबाई, हिचा रंग बघितला का? आल्या आल्या म्हनतील, आमी गोरीपान पोर दिली आन् ह्यांनी उन्हात भाजून काढली."

"मग उजळू की," मी म्हनलं. "त्यात काय अवघड हाय?"

सकाळच्या पारी पायलला अंगनात पाटावर बसवली. बेसन घेतलं, घरची हळद घेतली. दही घ्यायला गेले तर मांजरानं भांडं चाटून पुसून ठेवलेलं. परसात लिंबाचं झाड वाकून गेलं हुतं. मी चार लिंबं तोडली. लिंबानं रंग उजळतो म्हनून समदं जग सांगतंय, मोबाईलमदी बी दावत्यात. एक लिंबू पिळलं, रस तळव्यावर घेतला, पोरीची हनुवटी धरली आन् डाव्या गालावर हात थापला. चार बोटं कानापातूर, आंगठा हनुवटीच्या पल्याड.

"आजी, चुरचुरतंय!"

"चुरचुरलं की उजळतंय. गप बस."

दुसऱ्या गालाला हात जायच्या आत शेडाकडनं टॅक्टरचा भोंगा वाजला. माल आला. उन्हात क्रेट ऱ्हायली की द्राक्षं मऊ पडत्यात, त्यामुळं भोंगा वाजला की आमच्याकडं जेवनारा मानूस बी हात न धुता उठतो. पायल तशीच पळाली. बेसन वाटीतच ऱ्हायलं. मी हात धुतलं आन् सोप्यात सावलीला जाऊन बसले. पोरगी दिस कलंपातूर उन्हात क्रेट उतरवत हुती, गालावर माजा हात घेऊन.

त्या दिवशी काय झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी गाल लाल. म्हनली, आग हुतीया. त्याच्या फुडच्या दिवशी फोड आलं, आन् फोड बसलं तवा खाली काळपट डाग उमटलं. आरशाम्होरं तिनं तोंड वळवलं आन् मी भितीला टेकले. चार बोटं. आंगठा. कुनीतरी दात-ओठ खाऊन थोबाडात हानावी, तसा आख्खा पंजा.

विश्वजीतनं तिला दवाखान्यात न्हेली. डागतरानं गाल बघितला आन् विश्वजीतला भाईर बसाय सांगितलं. मग पायलला इचारलं, "घरात कोनी हात उचलतं का?"

ती म्हनली, "न्हाई वो, लिंबू लावलं हुतं."

डागतरानं मलम दिलं, उन्हात जायचं न्हाई म्हनून सांगितलं, आन् आनिक एकदा इचारलं, "नक्की?"

भाईर बाकड्यावर चार मानसं बसली हुती. त्यातल्या एकीचं माहेर विट्याकडचं. झालं. पायलच्या आदी तिचा गाल विट्याला पोचला.

मुराळी येकटा येतो. जेवतो, पान्यापावसाचं बोलतो, भनीला घेऊन जातो. त्या दिवशी दाराम्होरं मोटार थांबली आन् सिद्धूच्या पाठोपाठ त्येची आई क्षमाबाई बी उतरली. शालननं पानी दिलं. दोघांनी बी तांब्याला हात लावला न्हाई. आमचा नाथाजी, विश्वजीतचा बा, माल घेऊन कर्नाटकात गेलेला. घरात आमी बायका, आन् शेडावर विश्वजीत.

"पायल कुठं हाय?" सिद्धू म्हनला.

पायल आतनं आली. डोक्यावरनं पदर घेऊन गाल झाकला हुता. क्षमाबाईनं म्होरं होऊन पदर बाजूला केला. लय येळ बघत ऱ्हायली. लेकीच्या गालावर हात न्हेला, पन टेकवला न्हाई.

"आई, आगं लिंबानं झालंय," पायल म्हनली. "आजी तोंड उजळाय बसली हुती, तेवढ्यात माल आला..."

"लिंबानं?" सिद्धू वरडला. "मी रोज तेजाबात काम करतो पायल. भाजल्याचा डाग मला शिकवू नगंस. तेजाब सांडलं तर वघळ धरून खाली येतंय. ह्यो वघळ न्हाई. ही बोटं हायीत!"

गलका ऐकून विश्वजीत शेडावरनं आला. हात औषधाच्या पान्यानं वलं, मागं कामावरच्या बाया. त्यो "या की बसा" म्हनंपातूर सिद्धूनं त्येची कॉलर धरली आन् त्येच्या कानाखाली वाजवली. चार बायांदेखत. त्येच्याच अंगनात. विश्वजीतचा हात वर आला, मला दिसला. पायलनं निस्तं "आवं" म्हनलं, आन् त्यो हात खाली गेला.

"हात दाव," सिद्धू म्हनला. त्येनं विश्वजीतचा पंजा वडला आन् पायलच्या गालाजवळ धरला. विश्वजीतची बोटं लांब, डागाच्या म्होरं पेरभर जायाला लागली.

"बघ, त्येचा न्हाई," मी म्हनलं. मी उठले, माजा हात लावला. चारी बोटं अशी बसली, जसं चोळीच्या काजात बटन. "माजा हाय. सांगतीया न्हवं कवापास्नं!"

मला वाटलं, सुटलो. सिद्धूनं माज्याकडं बघितलं. "मंजी म्हातारे, तू मारलीस."

गल्लीतल्या बायका कुपावरनं बघत हुत्या. त्यांच्याकडं वळून म्हनलं, "आगं सांगा की गं कुनीतरी, मी मारंन का?" एकेक मान वळवाय लागली. एकीच्या तोंडावर तर हसू हुतं. थापाडी पारूबाईचं आनिक एक. माशीच्या मोडक्या पायाचा हिशोब त्या दिवशी असा निघाला.

"तुज्या हाताला का न्हाई झालं मग?" सिद्धू म्हनला.

"लिंबाच्या रसावर ऊन पडलं म्हनून तिचा गाल भाजला. मी सावलीत हुते रं. हात धुतलं हुतं. आन् भाकऱ्या थापून थापून माजा तळवा तव्यासारका झालाय, त्येला काय हुनार?"

"आई," पायल क्षमाबाईला म्हनली, "शप्पत. मला कुनी बोट लावलं न्हाई. तू तरी ऐक."

तवा क्षमाबाई बोलली. आवाज असा, की मला कान म्होरं करावा लागला. "मी बी असंच म्हनत हुते बाई. दारावर आपटले. पायरीवरनं घसरले. म्हशीनं मान हलावली. माज्या आईला समदं खरं वाटायचं." तिनं लेकीचा हात धरला. "कापडं भर. चल."

सिद्धूनं डोळं खाली घातलं. त्येच्या बापाबद्दल चाललं हुतं. त्यो मानूस मरून लय दिस झालं, पन त्या दोघांसाठी त्यो आजून घरातच बसला हुता. मग मला कळलं, ह्येंच्याम्होरं आमी जेवढं न्हाई म्हनू, तेवढं त्यास्नी व्हय ऐकाय येनार.

"आजून एक सांगतो," सिद्धू विश्वजीतला म्हनला. "ही आता परत यायची न्हाई. जत्रा झाली की मी ठान्यात जानार. तुजं, तुज्या आईचं, ह्या म्हातारीचं, तिघांचं बी नाव देनार."

विश्वजीत पायलकडं बघत हुता. ती रडत रडत पिशवी भरत हुती.

मी परसात गेले आन् लिंबू तोडून आनलं. इळीवर चिरलं.

"सिद्धू, हात फुडं कर."

"कशाला?"

"तुजं खरं का माजं, बगू. मी माज्या हाताला लावलं असतं, पन माजं कातडं सत्तर उन्हाळं पिऊन बसलंय, त्येच्यावर इस्तू ठेवला तर त्योच इझंल. तू गोरा हायीस. दुकानात सावलीत बसतोस. हात दे. ह्याच हातानं लावते. उमटलं न्हाई तर ठान्यात मी सोता येते आन् सांगते, मी मारली."

"आत्याबाई!" शालन वरडली.

सिद्धू हसला, पन त्यात गंमत न्हवती. "आमी लिंबू पितो म्हातारे, जेवनात पिळतो."

"पी की. पोटात थंडच हाय त्ये."

त्येनं रागारागानं बाही वर सारली. मी रस तळव्यावर घेतला आन् त्येच्या कोपराखाली पंजा आवळून धरला. मग त्येला अंगनात उन्हात हुबं केलं. चैतातलं बारा वाजताचं ऊन. घाम निथळाय लागला, पन गडी हालला न्हाई. मी म्होरं बसून राखन केली, कुठं पुसंल बिसंल म्हनून.

मोटारीत मी बी बसले. कुनी बोलवलं न्हवतं. क्षमाबाई म्हनली, "तुमी कुठं?"

"तुमच्याकडं. डाग उमटंपातूर. न्हाई उमटला तर ठानं विट्यास्नंच जवळ हाय."

पायल माज्या शेजारी बसली. मोटार हालली तवा विश्वजीत फाटकात हुबा. गाल लाल, हात वलं. तिनं काच खाली केली. वाटंत सिद्धूनं थंड हवा लावली. मी म्हनलं, "त्ये बंद कर आन् काच खाली घे. हात भाईर ठेव, उन्हात." त्येनं ठेवला. ईर्षाच तेवढी. खानापूरच्या माळावर सावलीला एक झाड न्हवतं, तवा मला लय बरं वाटलं.

विट्याकडं गेल्यावर मला पडवीत घोंगडं टाकून दिलं. घरात जत्रंची गर्दी. कुनी माज्याशी बोललं न्हाई. ताट यायचं, ठेवायचं, जायचं. मी भाकरी तेवढी उचलायची, कांद्यासंगं खायाची. येनारी बाई आदी पायलचा गाल बघायची, मग पडवीत येऊन मला बघायची, आन् पदर सावरून जायाची. एकीनं तर पोराला मागं वडलं. इतकी वरसं मी थापा मारल्या, कुनी मला भ्यालं न्हवतं.

क्षमाबाई लेकीचं समदं हातानं करत हुती. भाईर उन्हात सोडायची न्हाई. मलम लावायची. ताक, कलिंगड, सब्जा भिजवून दुदात. मी पडवीतनं बघायची. एकदा तिनं आंबील आनली तवा पायल म्हनली, "ह्ये आजी बी रोज द्यायची मला." क्षमाबाईचा हात थांबला.

पयल्या दिवशी सिद्धूच्या हाताला काय न्हवतं. सकाळी पडवीत येऊन त्येनं बाही वर केली, माज्या नाकाम्होरं हात धरला. गोरापान. "बघ म्हातारे."

मी बघितलं. ऊन कमी पडलं का? घामानं धुऊन गेलं का? दिसभर मी लिंबाला हात जोडत हुते. लिंबाला! त्या दिवशी विश्वजीतचा फोन आला, सिद्धूनं उचलला न्हाई. पायलच्या हातातला मोबाईल क्षमाबाईनं काढून घेतला हुता, "जरा दम खा" म्हनून.

रात मला झोप न्हाई. सकाळी सिद्धू आंगुळ करून गेला तवा अर्ध्या बाह्यांचाच शर्ट घातला हुता, पन हातावर टावेल टाकलेला, आन् माज्याकडं आला न्हाई. लांबनंच गेला.

त्याच्या म्होरच्या दिवशी जत्रंचा मुख्य दीस. घरात मटनाच्या चुली पेटलेल्या, उकाड्यानं मानसं भिजलेली. जो त्यो बनेलवर. आन् सिद्धू सोप्यात आला त्यो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटापातूर बटन लावून.

मी पडवीतनं उठले. गुडघं कुरकुरलं. समद्या पावन्यांत जाऊन हुबी ऱ्हायले.

"सिद्धू, बाही वर कर."

"नंतर बघू," त्यो म्हनला. "पावनं हायीत."

"पावन्यांम्होरंच कर. माज्या नातवाला बायांम्होरं हानलीस."

"आजी, गप बसा." पयल्यांदा आजी म्हनला. तिथंच मला कळलं.

त्यो मागं सरला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. मी हात धरायला गेले तर त्येनं हिसका दिला, आन् त्येच्या तोंडातनं "आय गं" निघालं. दुखत हुतं त्येला.

चुलीकडनं क्षमाबाई आली. पदराला हात पुसलं. लेकाच्या मनगटाचं बटन काढलं, एक एक घडी घालत बाही वर न्हेली.

फोड आलं हुतं. फोडाखाली लाल, कडंला काळपट. चार बोटं आन् आंगठा. माजाच हात. लेकराला गर्दीतनं धरून आनावं, तसा त्येच्या हातावर धरलेला.

सोप्यातली मानसं वाकून वाकून बघाय लागली. खरं सांगते, नाचावं वाटत हुतं. पन क्षमाबाईचं तोंड बघितलं आन् पाय हाललं न्हाईत. ती त्या डागाकडं बघत हुती, आन् तिच्या डोळ्यांतनं पानी गळत हुतं.

"कवापास्नं उमटलंय?" तिनं इचारलं.

"काल सकाळी लाल झालं," सिद्धू म्हनला.

"आन् झाकलंस."

"आई, मी त्येला समद्यांदेखत..."

"झाकलंस," ती म्हनली. "तुज्या बानं बी झाकलं आसतं."

सिद्धू खाली बसला. मुस्काडीत बसावी तसा.

मग क्षमाबाई माज्याकडं वळली. माजा हात उचलला, उलटा सुलटा करून बघितला. "आवं," ती म्हनली, "खरं काय हाय म्हनून बघायला माज्या दारात कवा कुनी असं ठिय्या मारून बसलं न्हाई. समद्यांनी पायरी खरी धरली. म्हनून मी ह्या पोरीचं लिंबू खोटं धरलं."

मी म्हनलं, "मला आंबील मिळंल का वाईच? कांदा-भाकरीनं पोट जळतंय."

ती हसली न्हाई, पन सोता गेली आन् वाडगा भरून आनला. ताक घातलेला, लसून ठेचलेला. माज्या म्होरं बसून ऱ्हायली, मी संपवंपातूर.

पायल खोलीतनं आली. आईच्या कमरंचा मोबाईल तिनंच काढून घेतला आन् सिद्धूच्या हातात दिला.

"लाव," ती म्हनली.

"तूच बोल की. मी नंतर..."

"मी काय बोलू? मी मारलं न्हाई. लाव. आन् आवाज मोठा ठेव, त्या दिवशी बायांनी ऐकलं, आज पावन्यांनी ऐकू दे."

आमची पायल. जी माशीची गोष्ट डोळं मोठं करून ऐकायची. मी तिच्याकडं बघतच ऱ्हायले. मग ती माज्याकडं वळली. "आन् आजी, हितनं फुडं माज्या तोंडाला हात लावायचा न्हाई. मी रापलीया तर रापलीया. शेडावर काम करते म्हनून रापलीया."

"न्हाई लावत बाई," मी म्हनलं.

फोन वाजत हुता. सिद्धूनं फोड आलेला हात मांडीवर घेतला हुता, दुसऱ्या हातात मोबाईल. पल्याड विश्वजीतनं उचलला. शेडातल्या जाळ्या झटकल्याचा आवाज येत हुता. मग त्यो आवाज बी थांबला.

सोप्यातली समदी मानसं सिद्धूच्या तोंडाकडं बघत हुती.

"दाजी," सिद्धू म्हनला. "लिंबूच हुतं. माजं चुकलं."